बेंबी असलेलं विमान

आमच्या घरात तोंडाआधी हात चालायचा. कुणाला कीव यावी म्हणून मी हे सांगत नाही. सांगितलं नाही तर पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगते. आईच्या हातात जे असेल ते उडायचं. लाटणं, उलथनं, एकदा तर सोडे घातलेल्या वांग्याच्या रश्शाचा अख्खा टोप. बाबाला मात्र हत्यार लागत नसे. त्याचा उजवा पंजा पुरेसा होता. कानाखाली बसला की अर्धा तास त्या बाजूनं कॉम्प्रेसर चालू असल्यासारखा आवाज यायचा. आणि मी? मी त्या दोघांचीच पोरगी. शाळेत दोघींचे केस उपटले होते, एकीचा दात पाडला होता. हेडमास्तरांनी बाबाला बोलावलं, तर बाबा त्यांनाच म्हणाला, "पोरगी माजी हाय, मंग काय आरती करंल?" आता माझी मुलगी हे ऐकते आणि म्हणते, आई, याला हिंसा म्हणतात. व्हय बाई, म्हणतात. आम्ही तेव्हा त्याला दुपार म्हणायचो.

पण बाबाच्या त्याच हाताला अख्ख्या हमरापुरात मान होता. आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, बांबूच्या मांडण्या आणि वर्षभर प्लॅस्टरची धूळ. साचे भरणं, काथ्या घालणं, पॉलिश पेपर मारणं, रंग मारणं, हे सगळं आई, मी आणि हंगामात रोजावर येणाऱ्या बाया करायच्या. पण डोळ्यांची आखणी फक्त बाबाची. खारीच्या शेपटीच्या केसांचा एक ब्रश त्यानं स्वतः बांधला होता. तो बांबूच्या नळीत, देवाच्या फळीखाली खिळ्याला टांगलेला असायचा. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आखणीला बसायच्या सकाळी बाबा आंघोळ करून तो ब्रश कपाळाला लावायचा आणि मग ती सगळी मूर्ती, जी काल नुसतं रंगवलेलं प्लॅस्टर होती, ती तुमच्याकडे बघायला लागायची. आणखी एक गोष्ट. आखणीच्या दिवसांत बाबा कुणाला मारत नसे. मारलं की हात जड होतो, मग रेघ थरथरते, असं तो म्हणायचा. त्यामुळे वर्षातले ते पंधरा-वीस दिवस आमच्याकडे खरी दिवाळी असायची. आई तेव्हा मोठ्यानं गाणी म्हणायची.

विमान मला सापडलं ते रोह्याला. मामाचं तिथं भंगाराचं आवार होतं, धाटावच्या रस्त्यावर. शिफ्ट सुटली की कंपनीतले लोक दुचाक्यांवरून भुर्रकन जायचे, आणि वारा फिरला की डोळ्यांना झोंबणारा वास यायचा. आवारात कंपन्यांची पिंपं, वाकलेले पाइप, गंजलेले व्हॉल्व्ह. मामीच्या डोहाळजेवणाला आम्ही गेलो होतो. आत बाया ओट्या भरत होत्या, वडे तळत होत्या. मी बाहेर आले आणि बघते तर मामा आणि त्याचे दोन कामगार एका विमानाचा जीव घेत होते. शिकाऊ पायलटांचं दोन माणसांचं छोटं विमान; मामानं कुठल्याशा लिलावातून ॲल्युमिनियम म्हणून उचललेलं. पंख कापून झाले होते. नाकाचा पत्रा घणानं सपाट करून बाजूला टाकला होता. उरला होता तो मधला भाग: खुर्ची, समोर दोन शिंगांचं हँडल, पायात पेडल, आणि काळ्या फळीवर घड्याळांसारख्या डायल. मामानं घण उचलला आणि मी धावत जाऊन त्या खुर्चीत बसले.

का बसले, याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नसतं. पेणला मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. टायपिंग झालं की तिथल्या मॅडम शेवटची दहा मिनिटं विमान उडवायचा एक प्रोग्राम लावून द्यायच्या. बाणाची बटणं दाबून उडवायचं, आणि माझं रोज पडायचं. बटणांनी कुठं विमान उडतं का, असं मला वाटायचं. इथं खरं हँडल होतं. मी ते धरलं, आणि त्या डब्याला एक दार होतं, ते ओढून घेतलं. आमच्या घरात कडी असलेली एक खोली नव्हती हो. संडासाला पोतं होतं. मला आतून दार लावून बसायला मिळालं ते आयुष्यात पहिल्यांदा त्या भंगारात. मामा ओरडला, "उतर गो यमे!" मी नाय म्हटलं. त्यानं दार उपटून एक ठेवून दिली. मी त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला, की रक्त माझ्या हनुवटीवरून ओघळलं. कामगार हसायला लागले. मामा मनगट धरून नाचला, शिव्या घातल्या, आणि मग तोही हसला. "ही बापाच्या वर गेली. ने बाई, ने तुझं इमान. पण माजा हात सोड."

टेंपोतून तो डबा हमरापूरला उतरला तेव्हा बाबा अंगणात तंबाखूचा मावा मळत होता. त्यानं एक फेरी मारली आणि विचारलं, "कोण मेलं?" मी म्हटलं, मी हे उडवणार. म्हणजे जागेवरच, हँडल फिरवलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमान वळणार. बाबानं कारखान्याच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आखणीला बसायच्या आदी चालवून दाखव. चाललं तर ऱ्हाऊ दे. नाय चाललं, तर या हातोड्यानं तुकडं करून परत मामाला धाडीन." पैज लागली. माझं जे काही होतं ते त्या कोपऱ्यात होतं आणि मुदत होती सगळ्या मूर्तींना रंग लागेपर्यंतची.

पुढचे तीन महिने मी माणसात नव्हते. सकाळी साचे भरायचे, पॉलिश पेपर घासायचा, दुपारी सुकटीची चटणी आणि भाकरी उभ्याउभ्या खायची आणि कोपऱ्यात जायचं. भाकरीला प्लॅस्टरची चव यायची. आमच्या घरातल्या सगळ्याच जेवणाला यायची. पेणचा क्लास बंद पडला तेव्हा आईनं बाबाला न विचारता मॅडमना दीड फुटी गणपती कबूल केला आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून आणला. त्याबद्दल तिनं मार खाल्ला, आणि तिनंही बाबाच्या पाठीत पाट घातला. एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं मला युक्ती सांगितली: रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं जे बटण असतं, तेच हँडलच्या दांड्याला बसव, हँडल फिरलं की बटण फिरेल आणि कॉम्प्युटरला कळेल. दोन जुने रेडिओ फोडले. तीनदा वायर जळली. एकदा मी रागानं माझंच डोकं त्या फळीवर आपटून घेतलं, खूण अजून भुवईत आहे. पण एका दुपारी हँडल डावीकडे फिरवलं आणि पडद्यावरचं क्षितिज उजवीकडे कललं. मी किंचाळले. बाया धावत आल्या, त्यांना वाटलं करंट बसला.

खरं तर त्याच दिवशी बाबाला बोलवायला हवं होतं. पैज जिंकलेली होती. पण नाक नव्हतं ना! पत्र्याचं नाक मामाच्या घणाखाली गेलेलं. आणि नाक नसलेलं विमान मी बाबाला काय दाखवू? मग आम्हा लोकांना जे येतं तेच मी केलं. पाच फुटी गणपतीच्या पोटाचा साचा होता, बाबानं स्वतः घडवलेला, त्यात काथ्या घालून प्लॅस्टर ओतलं. गोल गरगरीत नाक आलं. फक्त त्याला बेंबी होती. घासून काढणार होते, पण राहिलं. बाया म्हणायच्या, "गो यमे, तुझ्या इमानाला भूक लागली तर बेंबी दाखवंल." नाकही बसलं, राखाडी रंग लागला. तरी मी बाबाला बोलावलं नाही, कारण डायलवरचे आकडे उडालेले होते. ऊन-पावसात पडून आकडे पांढुरके पुसट झालेले. चालण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, त्या डायल कुठल्याच वायरीला जोडलेल्या नव्हत्या. पण मूर्तिकाराच्या घरातली पोर मी. डोळे आखल्याशिवाय मूर्ती गिऱ्हाईकाला दाखवायची नाही, हे आईच्या दुधातून आलेलं. आंधळ्या डायलचं विमान दाखवणं मला जमेना. दुसऱ्या कुणी दाखवलं असतं आणि सुखात राहिलं असतं.

आकडे बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे. कारखान्यातल्या एकाही ब्रशनं ते जमेनात. बाबा रंग आणायला पेणला गेला होता. मी देवाच्या फळीखालची नळी काढली.

काय ब्रश होता तो! नुसता टेकवला की रेघ आपण होऊन चालायची. सहाही डायलच्या काचा उतरवून मी एकेक आकडा आखला, एकेक बारीक रेघ. पण काचेआड टिकावा म्हणून ऑइल पेंट घेतला होता. बाबा त्या ब्रशाला पाण्याच्या रंगाखेरीज काही लावू देत नसे. मी रॉकेलमध्ये धुतला, पुसला, टोक जुळवलं, नळीत ठेवला. मला वाटलं, निघाला रंग. खारीचे केस मुळाशी किती पितात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाबा आखणीला बसला. त्याच सकाळी मी त्याला विमान दाखवणार होते. हँडलचा दांडा तेल घालायला बाहेर काढला होता, तो मांडीवर घेऊन मी पुसत होते. शेडमध्ये रांगेनं मूर्ती, सगळ्या डोळ्यांविना. बाबानं ब्रश कपाळाला लावला, पाण्यात बुडवला, आणि थांबला. ब्रश काडीसारखा कडक झाला होता. त्यानं तो नाकाशी नेला. रॉकेल. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी उगाच खोटं बोलले नाही. "आकडं काडायला घेतला व्हता," म्हटलं.

पहिला तडाखा तोंडावर बसला. ओठ फाटला आणि खालचा एक दात हलला, तो पुढे पडलाच. दुसरा कानावर. मग त्यानं वेणी मनगटाला गुंडाळून मला जमिनीवरून ओढलं, प्लॅस्टरची पोती, काथ्या, पाण्याची बादली, सगळं माझ्या अंगावरून गेलं. लाथा किती बसल्या ते माहीत नाही. आई मधे पडली, तिला त्यानं असं झटकलं की ती मांडणीवर जाऊन आदळली आणि वरच्या दोन मूर्ती खाली येऊन फुटल्या. बाया ओरडत पळाल्या. एरवी शिव्यांची फैर असायची. त्या दिवशी नुसता श्वास. मग मला सोडून त्यानं हातोडा उचलला आणि कोपऱ्यात गेला.

पहिली डायल फुटली तेव्हा मी उठून बसले होते. दुसरी, तिसरी. मी आखलेले आकडे काचेसकट उडत होते. खुर्चीची पाठ मोडली. दार एका बिजागरीवर लोंबलं. मी दांडा उचलला, लोखंडी, माझ्या हाताएवढा लांब, आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. बाबानं हातोडा नाकावर उगारला.

आणि त्याला बेंबी दिसली.

आजवर मी हे कुणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही, नवऱ्यालाही नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. बाबा थांबला होता. आपल्या साच्यातलं पोट त्यानं ओळखलं, आणि ज्या हातानं ते घडवलं त्याला त्यावर हातोडा घालवेना. हात हळूच खाली आला. खांदे उतरले. भांडण संपलं होतं. मी ते पाहिलं, अगदी स्वच्छ पाहिलं. आणि मग मी दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन त्याच्या उजव्या मनगटावर घातला. ओल्या लाकडाची फांदी मोडते तसा आवाज झाला. पुन्हा एकदा घातला. मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं. तेवढा एक क्षण मला फार बरं वाटलं.

बाबा खाली बसला. हात मांडीवर, पंजा भलत्याच बाजूला. आई भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "यमे, काय केलंस गो? गणपतीचे डोळे मोडलेस!" नवऱ्याचा हात म्हणाली नाही. बाबानं डाव्या हातानं मनगट धरलं. मग म्हणाला, "टमटम बोलवा."

पेणला हाडांच्या डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? त्याची नजर माझ्या सुजलेल्या तोंडावर होती. बाबा म्हणाला, "माळ्यावरून पडलो. पोरगी धराया आली, ती पन पडली." डॉक्टरला ते खरं वाटलं नाही, पण त्यानं प्लॅस्टर भिजवायला घेतलं. प्लॅस्टर घालताना बाबा घामानं निथळत होता, तरी गडी म्हणतो, "पानी जास्त झालं, डाक्टर. आसं फुगंल आनि तडकंल." आणि खरंच आठ दिवसांत तडकलं. दुसऱ्यांदा घातलं तोवर हाड वाकडं जुळून गेलं होतं.

त्या दिवसांत आखणी मी केली. दुसरं होतं कोण? बाबानं डाव्या हातानं डोळे आखून बघण्यात सरावाच्या तीन पाट्या फुकट घालवल्या. मग पेणहून विकतचा ब्रश आणून माझ्यासमोर टाकला. "आकडं काडलेस ना? आता डोळं काड." तो माझ्या पाठीशी स्टुलावर बसायचा, गळ्यातल्या झोळीत हात, आणि प्रत्येक रेघेला शिवी. "बाहुली वर घे, रांडंचे. गणपती हाय, हवालदार नाय." फाटक्या ओठानं, एका बाजूनं बहिरी, मी आखत गेले. सगळ्या मूर्ती वेळेवर गेल्या. रोह्याचं एक जुनं गिऱ्हाईक मूर्ती उचलताना म्हणालं, "यंदा देव रागावलेला वाटतो." बाबा म्हणाला, "घरात काय कमी कालवा हाय, तो रागावनार नाय?" ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आलं ते 'पोरीच्या हातचा' मागत आलं.

शेड रिकामी झाल्यावर एका दुपारी बाबा कोपऱ्यात गेला आणि मोडक्या खुर्चीत बसला. "चालतंय का हे?" मी दांडा परत बसवला. त्याला थोडा बाक आला होता. कॉम्प्युटर लावला. बाबानं डाव्या हातानं हँडल ओढलं, विमान उठलं, तो तोंड उघडं टाकून बघत राहिला, मग घाबरून त्यानं ते पुढे ढकललं आणि विमान नाकावर आपटलं. "आयला," तो म्हणाला. "पडलो." परत बसला नाही, पण त्या डब्याला पुन्हा हातही लावला नाही. मला किंवा आईलाही लावला नाही. सुधारला म्हणून की हात उचलेना म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. तो हात खांद्याच्या वर कधी गेलाच नाही. आखणी कायमची माझ्याकडे आली. विमान पुढे गेलं पुन्हा भंगारात. नाक मात्र परसात आहे, पावसानं झिजलेलं.

गेल्या पावसाळ्यात बाबाला दवाखान्यात ठेवलं होतं. छातीत पाणी. एका तरुण डॉक्टरणीनं सलाईनसाठी हात पाहिला आणि विचारलं, आजोबा, हे मनगट कधी मोडलं? बाबा म्हणाला, "इमानातून पडलो." ती हसली आणि गेली. मी त्याच्या तोंडावरून ओला रुमाल फिरवत होते. त्यानं तो वाकडा हात उचलला, जेमतेम, माझ्या चष्म्यापर्यंत. आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, स्वतःच्या कारखान्याची मालकीण, पटकन मान खाली घालून कान झाकला.

हात तसाच अधांतरी राहिला. "अजून गो?" बाबा म्हणाला.

"व्हय बाबा. अजून."

त्यानं हात चादरीवर टेकवला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी थांबलो व्हतो, यमे. नाकावर हातोडा नाय मारला."

"ठाव हाय मला."

"बघितलं व्हतंस तू?"

"बघितलं व्हतं. तरी मारलं."

मला वाटलं, आता तो तोंड फिरवेल. त्यानं डोळे मिटले आणि मान हलवली. "मंग बरं झालं," तो म्हणाला. "मला जन्मभर वाटायचं, तुला दिसलंच नाय." मग त्यानं हात छातीवर ठेवला आणि चहा मागितला.